चढणीचे मासे: पहिल्या पावसातला प्रवास समजून घ्या, ओढ्यातली मासळी टिकवा

मृगाचे दोन-तीन जोरदार पाऊस झाले, ओढ्याला तांबडे पाणी आले, की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर निघतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून पऱ्ह्यात आणि तिथून बांधाच्या मोरीतून थेट भातखाचरात. रायगड, ठाणे, पालघर भागात याला वलगण म्हणतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हेच चढणीचे मासे. बॅटरी, काठी, कोयती, पागेर घेऊन रात्री मासे धरायला जाणे हा कोकणातल्या शेतकऱ्याच्या वर्षातला ठरलेला भाग आहे.

'पूर्वीसारखी वलगण आता होत नाही' ही तक्रारही तुम्ही तुमच्या गावात ऐकली असेल. त्याचे कारण केवळ पावसात शोधून चालणार नाही. चढणारा मासा कुठून येतो, कुठे जातो, तिथे काय करतो आणि परत कधी फिरतो, हे समजले की मासळी कुठे आणि का कमी होते ते लक्षात येते. या प्रवासातले बरेचसे टप्पे शेतकऱ्याच्या बांधावर, खाचरात आणि ओढ्याकाठी घडतात. त्यामुळे उपायही बऱ्याच अंशी शेतकऱ्याच्या हातात आहेत.

माशाचे वर्ष तीन ठिकाणी

ओढ्यातल्या माशाला वर्षभरात तीन वेगवेगळ्या जागा लागतात.

पहिली जागा म्हणजे उन्हाळ्याचा डोह किंवा कोंड. फेब्रुवारी-मार्चनंतर सह्याद्रीतले बहुतेक ओढे तुटतात. वाहते पाणी थांबते आणि खोल खड्ड्यांतून तेवढे पाणी उरते. वर्षभराची सगळी मासळी या मोजक्या डोहांत दाटीवाटीने दिवस काढते. पुढच्या पावसात अंडी घालणारे नर-मादी हेच असतात.

दुसरी जागा म्हणजे वाट. डोहापासून अंडी घालण्याच्या जागेपर्यंतचा ओढा, पऱ्ह्या, मोरी, बंधारा हे सगळे यात येते. ही वाट वर्षातले काही दिवसच लागते, पण त्या दिवसांत ती मोकळी असावीच लागते.

तिसरी जागा म्हणजे पाळणाघर. नुकतीच पाण्याखाली आलेली गवताळ जमीन, ओढ्याकाठचा उथळ भाग, भाताचे खाचर. इथे अंडी घातली जातात आणि पिल्ले वाढतात.

यातली एक जागा बिघडली तरी उरलेल्या दोन जागांचा फारसा उपयोग राहत नाही. डोह चांगला राखला पण मोरीत मासा अडला, तर अंडी घातली जात नाहीत. वाट मोकळी आहे पण खाचरात कीटकनाशक गेले, तर पिल्ले वाचत नाहीत.

पाऊस आल्याचे माशाला कसे कळते?

मे महिन्यापर्यंत मादीच्या पोटात गाबोळी जवळजवळ तयार झालेली असते. वाढलेला दिवस आणि तापलेले पाणी यांमुळे ही तयारी आधीपासून सुरू असते. पण अंडी घालण्यासाठी तिला शेवटची खूण हवी असते आणि ती पहिला मोठा पाऊस देतो. पाण्याची पातळी अचानक वाढते, तापमान काही अंशांनी उतरते, पाणी गढूळ होते, प्रवाह सुरू होतो आणि त्यात मातीचा, कुजलेल्या पाल्याचा नवा वास असतो.

माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना संवेदी पेशींची एक रेषा असते. पाण्याचा दाब आणि प्रवाहाची दिशा तिला जाणवते. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसला तरी मासा या रेषेच्या आधारे प्रवाहाकडे तोंड करून पोहू शकतो. या सगळ्या खुणा मेंदूपर्यंत पोहोचल्या की मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी संप्रेरके सोडते आणि अंडी पूर्ण पिकतात.

रोहू, कटला, मृगळ हे मासे साध्या तळ्यात वाढतात, पण तिथे अंडी घालत नाहीत, ते याच कारणाने. तळ्यात पुराची खूण मिळत नाही. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी ओडिशात पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांकडून अंडी मिळवली. म्हणजे पाऊस जे काम करतो ते इंजेक्शनने करून घेतले. आजचा सगळा मत्स्यबीज व्यवसाय त्यावर उभा आहे आणि म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पश्चिम बंगालमधील बांकुडा, मेदिनीपूर भागात पावसाचे वाहते पाणी खास बांधांमध्ये आणून मत्स्यबीज तयार करण्याची जुनी पद्धत आहे. तिच्यामागेही हेच तत्त्व आहे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यातला मुद्दा असा की चढणीच्या दिवसांत जी मादी वर येते, तिच्या पोटात बहुधा पूर्ण पिकलेली गाबोळी असते. तिला अंडी घालायला आता काही तास किंवा एक-दोन दिवसच हवे असतात.

सगळे मासे एकसारखे चढत नाहीत

चढणीत मिळणाऱ्या माशांची स्थानिक नावे तालुक्यागणिक बदलतात. त्यामुळे नावापेक्षा त्यांच्या सवयी लक्षात ठेवणे सोपे जाते.

- पोष्टी, खवलीसारखे छोटे खवल्यांचे मासे: हे थव्याने चढतात. उथळ पाण्यात, बुडालेल्या गवतावर चिकट अंडी घालतात. एका मादीत काही शे ते काही हजार अंडी असतात. खाचरात सर्वांत आधी शिरतात ते हेच.

- शिंगटी, मागूर यांसारखे मिशांचे, बिनखवल्याचे मासे: हे मुख्यतः रात्री हालचाल करतात. मागूर हवेतूनही श्वास घेतो. त्यामुळे ओल्या गवतातून, पातळ पाण्याच्या थरातून सरपटत तो एका खाचरातून दुसऱ्यात जाऊ शकतो.

- मरळ: हाही हवेतून श्वास घेणारा मासा. नर-मादी गवतात जागा साफ करतात, अंडी पाण्यावर तरंगतात आणि दोघे त्यांची राखण करतात. पुढे तांबूस-नारिंगी पिल्लांचा झुबका पाण्याच्या पृष्ठभागाशी फिरताना दिसतो, त्याच्या खाली आई-बाप असतात. झुबका पाहून गळ टाकला की मोठा मासा लगेच मिळतो, पण राखणदार गेल्यावर ती पिल्ले एक-दोन दिवसांत इतर माशांच्या आणि पक्ष्यांच्या तोंडी जातात.

- महसीर, म्हणजे आपल्याकडचा खडस: हा मोठ्या नदीतला मासा. पुरात वरच्या, स्वच्छ आणि गोट्यांच्या पट्ट्याकडे जातो. अंडी गोट्या-वाळूत घालतो, तीही एकदम सगळी नव्हे, तर टप्प्याटप्प्याने. अंडी फुटायला साधारण तीन ते चार दिवस लागतात. या काळात गोट्यांवर गाळ बसला तर अंडी गुदमरतात. नदीतली वाळू-गोटे उपसणे या माशाला सर्वांत जास्त मारक ठरते.

- अहिर: सापासारखा लांब असलेला हा मासा उलट वागतो. तो वाढतो गोड्या पाण्यात, पण अंडी घालायला समुद्रात जातो. समुद्रात जन्मलेली त्याची पिल्ले नदीच्या मुखातून वर चढत येतात. म्हणजे ओढ्यात दिसणारा प्रत्येक अहिर समुद्रापासून तिथपर्यंत आलेला असतो. नदीवर एक उंच भिंत आली तरी तिच्या वरच्या भागात हा मासा हळूहळू दिसेनासा होतो.

खाचर हे पाळणाघर का?

नदीत पुराचे पाणी जोरात असते. तिथे अंडी टिकत नाहीत, पिल्लांना खायला नसते आणि मोठे मासे ताटकळत असतात. खाचरातली परिस्थिती वेगळी असते. पाणी वीतभर किंवा त्याहून कमी, म्हणून उबदार. उन्हाळ्यात तापलेल्या, शेण-पालापाचोळा पडलेल्या जमिनीवर पाणी आले की त्यातली अन्नद्रव्ये विरघळतात आणि चार-सहा दिवसांत पाण्यात सूक्ष्म वनस्पती व प्राणी वाढू लागतात. पिल्लांचे पहिले अन्न तेच. मोठे शिकारी मासे एवढ्या उथळ पाण्यात सहसा येत नाहीत.

वेळेचा हिशेबही जुळतो. बऱ्याच लहान माशांची अंडी एक-दोन दिवसांत फुटतात. पिल्लाच्या पोटाला असलेली पिवळ्या बलकाची शिदोरी पुढचे दोन-तीन दिवस पुरते. ती संपते तोपर्यंत खाचरात अन्न तयार झालेले असते. मासे पहिल्याच पावसात घाई करतात त्यामागे हे कारण आहे. महिनाभराने आलेल्या माशाच्या पिल्लांना वाढीसाठी तितका कमी काळ मिळतो, कारण सप्टेंबरअखेर हळव्या भाताची खाचरे निथळायला सुरुवात होते.

शेतालाही याचा फायदा होतो. पिल्ले डासांच्या अळ्या आणि पाण्यातले किडे खातात, त्यांची विष्ठा खाचरात राहते. भात आणि मासे एकत्र घेण्याची पद्धत पूर्व भारतात आणि आग्नेय आशियात पूर्वापार आहे. कोकणात आपण मुद्दाम मासे सोडत नाही, पण पाऊस ते काम दरवर्षी फुकट करून देतो.

एक डोह राखला म्हणजे पुरेसे आहे का?

पुष्कळांचा समज असा असतो की अमुक डोहातला मासा त्या डोहाचाच. डोहावर मासेमारी बंद केली की काम झाले. या समजाबाबत थंड प्रदेशातल्या ट्राउट माशावर झालेला अभ्यास उपयोगी आहे. ट्राउट महाराष्ट्राच्या उबदार पाण्यात टिकत नाही. भारतात तो काश्मीर, हिमाचलसारख्या भागातल्या थंड ओढ्यांत आहे आणि तिथे तो इंग्रजांच्या काळात आणून सोडलेला आहे. पण ओढ्यातल्या माशांच्या हालचालींवर जगात सर्वांत जास्त संशोधन ट्राउट आणि त्याच्या जवळच्या जातींवर झाले आहे.

माशाला खूण करून सोडायचे आणि काही महिन्यांनी तो कुठे मिळतो ते पाहायचे, ही जुनी पद्धत. बरेच मासे सोडलेल्या जागेजवळच सापडत. त्यावरून अमेरिकी शास्त्रज्ञ शेल्बी गर्किंग यांनी १९५९ मध्ये असे मांडले की ओढ्यातले मासे आपल्या छोट्या टापूतच राहतात. १९९४ मध्ये चार्ल्स गोवन, कर्ट फॉश आणि सहकाऱ्यांनी त्यातली उणीव दाखवली. संशोधक पुन्हा शोधायला त्याच जागी जात होते, त्यामुळे राहिलेले मासे सापडत आणि लांब गेलेले मोजणीतच येत नसत. खूण केलेल्या माशांपैकी न सापडलेल्यांची संख्याही मोठी असे. नंतर माशांना बारीक रेडिओ यंत्रे लावून पाहिल्यावर चित्र स्पष्ट झाले. खाण्याच्या दिवसांत ट्राउट एकाच डोहात, एखाद्या दगडाच्या आडोशाला दिवसचे दिवस थांबतो. पण अंडी घालण्याच्या हंगामात, पाणी फार तापल्यावर किंवा आटल्यावर तोच मासा लांबचा पल्ला गाठतो. अंडी घालायला त्याला वरच्या भागातले बारीक गोट्यांचे, स्वच्छ वाहत्या पाण्याचे तळ लागतात. तिथे मादी शेपटीने खळगा करून अंडी घालते आणि त्यावर गोटे लोटते.

आपल्या ओढ्यांना यातून घेण्यासारखे दोन मुद्दे आहेत. वर्षातले दहा-अकरा महिने मासा एका जागी दिसला, तरी उरलेल्या काही दिवसांच्या प्रवासावर त्याची पुढची पिढी अवलंबून असते. आणि काही मासे जागा सोडून जातात म्हणूनच उन्हाळ्यात आटलेला वरचा ओढा दर पावसाळ्यात पुन्हा माशांनी भरतो.

म्हणून डोह राखणे हे पहिले काम आहे आणि त्याला वाटेची जोड हवी. आपल्याकडे डोह राखण्याची जुनी परंपरा आहे. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळण कोंडीत देवीच्या नावाने मासे राखले जातात आणि तिथे महसीर टिकून आहे. वैतरणा नदीकाठच्या तिळसे येथेही देवस्थानाजवळचे मासे धरत नाहीत. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरचे बीज तयार केले जाते आणि तिथले बीज वेगवेगळ्या जलाशयांत सोडले गेले आहे. पण सोडलेल्या माशाला पुढे स्वतःहून वाढायचे असेल, तर त्यालाही अंडी घालण्याच्या जागेपर्यंत जाता यावे लागते.

वाट कुठे अडते?

पावसाच्या आधी एकदा आपल्या शेताजवळच्या ओढ्याने खालून वर चालत जा आणि पुढच्या जागा पाहा.

१. पाइप मोऱ्या: रस्त्याखाली टाकलेल्या सिमेंटच्या पाइपचे खालचे तोंड बऱ्याचदा ओढ्याच्या तळापेक्षा उंच राहते. दर पावसात त्याखालची माती खणली जाते आणि पाणी धारेसारखे खाली पडू लागते. बोटभर पोष्टीला फूटभर उंचीची धारही पार करता येत नाही. शिवाय पाइप गुळगुळीत असल्याने आतले पाणी वेगाने वाहते, माशाला मध्ये दम घ्यायला जागा नसते.

२. सिमेंट नाला बांध: कायमची भिंत असल्याने पूर मोठा असेल तेव्हाच एखाददुसरा मासा कडेने वर जातो.

३. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे: यांची फळ्या-बर्गे काढण्याची सोय माशांसाठी चांगली आहे, पण ते वेळेवर काढले तर. पहिला पूर येऊन गेल्यावर बर्गे काढले तर त्या वर्षाची मुख्य चढण हुकते.

४. वनराई बंधारे: पोत्यांचे हे बंधारे पुरात वाहून जातील असे आपण धरून चालतो. काही ठिकाणी ते पहिल्या पावसात तसेच उभे राहतात. मे अखेरीस मधली पोती काढून ठेवा. ती पुढच्या वर्षी उपयोगीही पडतात.

५. बांधाची मोरी: खाचराची मोरी दगड-मातीने बुजवलेली असते किंवा तिच्यापुढे जाळे लावलेले असते.

मोरीखाली किंवा छोट्या बांधाखाली धार पडत असेल तर साधा उपाय करता येतो. धारेच्या पायथ्यापासून खालच्या बाजूला मोठे-लहान दगड रचून तिरपा उतार तयार करा. एक फूट चढासाठी पंधरा ते वीस फूट लांबीचा उतार असावा. दगड एकसारखे लावू नका. मध्ये खाचा आणि छोटे खळगे ठेवा, म्हणजे मासा टप्प्याटप्प्याने थांबत वर जाईल. सार्वजनिक मोरी किंवा बंधाऱ्याबाबत आधी ग्रामपंचायत आणि संबंधित खात्याशी बोला. नवी मोरी होणार असेल तर पाइप ओढ्याच्या तळापेक्षा थोडा खाली बसवावा, म्हणजे त्यात गोटे-वाळू साठून नैसर्गिक तळ तयार होतो, ही सूचना कामाच्या आधीच द्या.

वलगण करताना काय पाळावे?

वलगण बंद करा, असे सांगून कोणी ऐकणार नाही आणि तशी गरजही नाही. पावसाच्या सुरुवातीला घरात मासळी येणे हा अनेक कुटुंबांच्या जेवणाचा भाग आहे. प्रश्न किती, कोणते आणि कधी धरायचे एवढाच आहे.

समुद्रातल्या माशांना अंडी घालायला वेळ मिळावा म्हणून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची खोल समुद्रातली मासेमारी बंद ठेवतात. ओढ्यातली मासेमारी मात्र नेमकी याच दिवसांत भरात असते. दोन्हीकडच्या माशांची गरज सारखीच आहे.

पुढच्या गोष्टी गावाने मिळून ठरवाव्यात:

- पहिल्या जोरदार पुराचे निदान तीन-चार दिवस मासे चढू द्यावेत. त्यानंतर धरावेत.
- ओढ्याच्या पूर्ण रुंदीला आडवे जाळे लावू नये. किमान एक तृतीयांश पात्र, तेही खोल बाजूचे, मोकळे ठेवावे.
- पोट फुगलेल्या, मऊ पोटाच्या माद्या शक्यतो सोडून द्याव्यात.
- मच्छरदाणीचे कापड किंवा तशा बारीक आसाचे जाळे वापरू नये. त्यात पिल्ले जातात.
- मरळीच्या पिल्लांचा झुबका दिसला तर त्याखालचा मासा धरू नये.
- विष, ब्लीचिंग पावडर, स्फोटके आणि विजेचा झटका यांचा वापर कोणी करत असेल तर तो थांबवावा. पाण्यात स्फोटके किंवा विष वापरून मासे मारणे हा १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. विषाने माशांबरोबर त्यांचे अन्नही मरते आणि खालच्या गावात तेच पाणी गुरे पितात.

पुराच्या पाण्यात उतरताना स्वतःचीही काळजी घ्या. डोंगरात वर पाऊस झाला की ओढ्याचे पाणी काही मिनिटांत वाढते. रात्री एकट्याने जाऊ नका आणि विंचू-साप यांच्यासाठी पायात गमबूट असू द्या.

खाचरात फवारणी करताना

खाचरातली मासळी कमी होण्यामागे फवारणी हे मोठे कारण असू शकते. सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके आणि क्लोरपायरीफॉस माशांना अतिशय विषारी आहेत. ब्युटाक्लोरसारखे तणनाशकही माशांना घातक आहे. पिकावर योग्य मात्रा असली तरी तेच पाणी ओढ्यात गेले तर पिल्ले मरतात.

म्हणून किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्याशिवाय फवारणी करू नका. औषध निवडताना कृषी सहायकाला माशांना कमी घातक पर्याय विचारा आणि डब्यावरची माशांबाबतची सूचना वाचा. फवारणीनंतर किंवा दाणेदार औषध टाकल्यानंतर काही दिवस खाचराचे पाणी बाहेर सोडू नका; मोरी बंद ठेवा. मोठा पाऊस येण्याची शक्यता असेल तर फवारणी पुढे ढकला, कारण बांधावरून ओसंडणारे पाणी थांबवता येत नाही. फवारणी पंप, बादल्या, रिकामे डबे ओढ्यात धुऊ नका.

शेततळे असेल तर दोन्ही बाजूंना जाळी

तुम्ही शेततळ्यात मासे पाळत असाल तर चढणीची ही सवय तुमच्या खिशाला थेट लागते. पहिल्या पावसात ओढ्याचे पाणी तळ्यात येऊ लागले की रोहू, कटला, मृगळ त्या येणाऱ्या प्रवाहाकडे धाव घेतात. मासे सांडव्यावरून वाहून जातील ही भीती सगळ्यांना असते, पण ते पाणी येण्याच्या तोंडातूनही उलटे निसटतात. त्यामुळे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही तोंडांना मजबूत जाळी मे महिन्यातच बसवा. सांडव्याच्या जाळीत पालापाचोळा अडकून पाणी तुंबते, म्हणून ती तिरपी लावा आणि पावसात रोज साफ करा.

ही जाळी ओढ्यासाठीही गरजेची आहे. तिलापियासारखे बाहेरचे मासे तळ्यातून निसटले की ओढ्यात वाढतात आणि स्थानिक माशांची जागा व अन्न घेतात. थाई मागूर या नावाने विकला जाणारा आफ्रिकी मागूर तर लहान-मोठे सगळे मासे खातो. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. तो तळ्यात सोडू नका आणि कोणी बीज आणून दिले तर घेऊ नका.

उतरण: धरायची खरी वेळ

चढणीइतकीच महत्त्वाची आणि कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे उतरण. पाऊस ओसरू लागला, खाचरांतले पाणी कमी झाले की वाढलेली पिल्ले आणि मोठे मासे पाण्याबरोबर खाली ओढ्यात आणि पुढे डोहात परततात. साधारण सप्टेंबर ते ऑक्टोबर हा तो काळ.

कापणीच्या घाईत खाचर एकदम रिकामे केले तर पिल्ले चिखलात अडकतात आणि बगळ्यांचे खाद्य होतात. मोरी एकदम पूर्ण न उघडता थोडी थोडी उघडून दोन-तीन दिवसांत पाणी काढा. खाचराच्या मोरीजवळच्या कोपऱ्यात हात-दीड हात खोल खड्डा ठेवला तर पाणी उतरताना मासे त्यात गोळा होतात. त्यातले मोठे मासे घरासाठी ठेवा आणि बोटुकली ओढ्यात सोडा.

जूनमध्ये धरलेल्या गाबोळीच्या एका मादीबरोबर शेकडो-हजारो संभाव्य पिल्ले जातात. त्याच मादीने अंडी घातल्यावर, परतीच्या वाटेवर तिला धरले, तर मासळी घरात येते आणि पिल्लेही ओढ्यात राहतात. म्हणून मासळीची भूक भागवायची तर चढणीपेक्षा उतरणीला हात मोकळा ठेवणे जास्त फायद्याचे आहे.

उन्हाळ्यातले डोह

एप्रिल-मेमध्ये गावाच्या हद्दीतले जे दोन-चार डोह पाणी धरतात, ते पुढच्या वर्षीचे बियाणे आहे असे समजा. अशा डोहातून पंपाने पाणी पूर्ण उपसू नका. निदान कमरेएवढे पाणी राहू द्या. काठावरची उंबर, करंज, जांभूळ अशी झाडे तोडू नका. सावलीमुळे पाणी कमी तापते, आणि कमी तापलेल्या पाण्यात प्राणवायू जास्त राहतो. आटत्या डोहात विष टाकणे किंवा डोह उपसून सगळे मासे काढणे म्हणजे बियाण्याचे भात शिजवून खाण्यासारखे आहे.

वर्षभराचे काम थोडक्यात

- एप्रिल-मे: डोहात पाणी राखा. ओढ्याची पाहणी करा. मोरीखाली दगडांचा उतार रचा. शेततळ्याला दोन्ही बाजूंना जाळी बसवा. बर्गे आणि वनराई बंधाऱ्याची पोती काढून घ्या.
- जून: पहिल्या पुराचे तीन-चार दिवस चढण होऊ द्या. खाचराच्या मोऱ्या मोकळ्या ठेवा. आडवी जाळी लावू नका.
- जुलै-ऑगस्ट: खाचरात पिल्ले आहेत हे लक्षात ठेवून फवारणी ठरवा. औषधाचे पाणी बाहेर जाऊ देऊ नका.
- सप्टेंबर-ऑक्टोबर: पाणी हळूहळू काढा. मोठे मासे धरा, बोटुकली ओढ्यात सोडा.
- नोव्हेंबर-मार्च: कोणते डोह राखायचे ते गावात ठरवा. वाळू-गोटे उपशावर लक्ष ठेवा.

यंदा निदान एक नोंद ठेवायला सुरुवात करा: पहिला पूर कोणत्या तारखेला आला, मासे कोणत्या दिवशी मोरीपर्यंत पोहोचले, कोणत्या जातीचे होते आणि कुठे अडले. तीन-चार वर्षांच्या अशा नोंदी हाताशी असल्या की कोणत्या मोरीचे काम आधी करायचे आणि कोणता डोह राखायचा, हे ग्रामसभेत पटवून देणे सोपे जाईल.